गावच्या पूर आराखड्यात दिव्यांगांची नावं घालताना

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. दरवर्षी मे महिन्यात ग्रामपंचायत आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार करून तहसीलला पाठवते. गावात पट्टीचे पोहणारे कोण, ट्रॅक्टर कुणाकडे, निवाऱ्याला शाळा कुठली, जनावरं कुठं हलवायची, हे सगळं त्यात असतं. 2024 मध्ये या आराखड्याला आम्ही गावातल्या दिव्यांगांची पुरवणी जोडून घेतली. पहिला अर्ज जानेवारीत दिला आणि जुलैच्या पुरात ती पुरवणी पहिल्यांदा वापरली गेली. मधल्या काळात काय घडलं, कुठं अडलं, खर्च किती आला, ते सगळं लिहून ठेवते आहे. नदीकाठच्या दुसऱ्या गावात कुणाला हे करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची एवढं तरी कळेल.

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर (पायाला बांधायचा लोखंडी आधार) आणि एका कुबडीवर चालते, घरी शिवणकाम करते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्या वर. तिथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, यावरून अंदाज येईल. दोन्ही वेळा गावातल्या धडधाकट माणसांनी आधी जनावरं काढली, मग पोरंबाळं, मग सामान. आमच्यासारख्यांची पाळी आली तेव्हा गल्लीत कमरेइतकं पाणी होतं आणि गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गूळ आटवायच्या मोठ्या कढईत, बसण्यावाचून इलाज नव्हता. कुणी वाईट वागलं असं अजिबात नाही. ज्या पोरांनी मला उचललं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण काहिलीत चाकाची खुर्ची मावत नाही. ती घरीच राहते, आणि पुढं निवाऱ्यात माणूस आठ-दहा दिवस एका जागी पडून राहतो.

जानेवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात मी ग्रामपंचायतीत आराखड्याची प्रत मागितली. दोन दिवसांनी झेरॉक्स मिळाली. त्यात ‘दिव्यांग’ असा रकाना होता आणि त्यात फक्त एक आकडा होता. नावं नव्हती, घरं नव्हती. आकडा कुठून आला असं विचारल्यावर कळलं, पाच टक्के निधीच्या लाभार्थी यादीतून. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यासाठीची ती यादी. म्हणजे ज्यांच्याकडं प्रमाणपत्र आहे तेवढेच त्यात. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, म्हातारपणी दृष्टी गेलेले, घरच्यांनी कधी दवाखान्यातच न नेलेले, हे कुणी त्यात नाहीत.

मग अर्ज लिहिला. एक गोष्ट आवर्जून सांगते. नुसती ‘आमचाही विचार व्हावा’ अशी विनंती लिहिली तर तो अर्ज फायलीत जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 8 आपत्तीतल्या संरक्षणाबद्दल आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करायची, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानंही 2019 मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. हे दोन्ही संदर्भ अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घातले. अर्ज सरपंचांच्या नावे, प्रत तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला. दोन्हीकडं आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतली. ती पोच पुढं फार उपयोगी पडली.

विषय 26 जानेवारीच्या ग्रामसभेत यावा म्हणून अर्ज आधीच दिला होता. ऐनवेळच्या विषयात ढकललं की तोवर माणसं उठून गेलेली असतात, आणि कोरम नसताना झालेल्या बोलण्याला काही अर्थ नसतो. विषयपत्रिकेवर तो आठवा आला. ग्रामसभा तेव्हा चावडीच्या माडीवर भरायची. मला चढायला पाच मिनिटं लागली आणि चाकाच्या खुर्चीवरचे दोघं खालीच बसले. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले, की ज्यांच्याबद्दल ठराव होतोय ती दोन माणसं खाली अंगणात बसली आहेत, त्यांचं ऐकल्याशिवाय ठराव करू नका. सरपंच वहिनी स्वतः उठल्या. सगळी सभा खाली अंगणात आली, आणि ठराव तिथं झाला: आराखड्याला दिव्यांगांची पुरवणी जोडायची, आणि ती करणाऱ्या गटात निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग असतील. ठरावातला हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. आशाताई (गावच्या आशा स्वयंसेविका), पोलीस पाटील, तरुण मंडळाची दोन पोरं आणि आम्ही चौघं. आम्हां चौघांत चाकाच्या खुर्चीवरचे एक काका, ऐकू न येणारा एक तरुण, दृष्टी नसलेले आण्णा आणि मी. प्रत्येक घरी जाऊन बसायचं असं ठरलं. सरकारी यादीत माणसासमोर ‘अस्थिव्यंग, 60 टक्के’ असं लिहिलेलं असतं. त्यावरून त्याला उचलायचं कसं, ते कळत नाही. म्हणून आम्ही आमचा एक पानी तक्ता केला. रात्री घरात सोबत कोण असतं? धोका असल्याचं तुम्हाला कसं कळवायचं? उचलताना हात कुठं घालायचा, कुठं दुखतं? कुणी उचललेलं चालेल? रोजची गोळी कुठली, ती किती दिवसांची घरात असते? बरोबर काय गेलंच पाहिजे? आणि शेवटी, गरज पडली तर तुमच्या घरी धावत येतील अशी दोन नावं, तुम्ही निवडलेली.

या प्रश्नांना मिळालेली उत्तरं आम्हां कुणाच्याच डोक्यात आली नसती. ऐकू न येणाऱ्या त्या तरुणाला 2019 मध्ये ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला तेव्हा झोपेतच ठेवून घरचे जनावरांकडं धावले होते. आम्हाला वाटलं, दिव्याची बेल बसवावी. त्यानं मोबाईलवर टाइप करून दाखवलं, ‘पुरात लाईट असते का?’ बरोबरच होतं त्याचं. पाणी चढलं की वीज आधी बंद करतात. त्याचा उपाय साधा होता. शेजारच्या चुलतभावाकडं मागच्या दाराची किल्ली, त्यानं यायचं आणि पायाला हात लावून उठवायचं. त्यानंच आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. पोलीस पाटील गावच्या व्हॉट्सॲप गटावर पाण्याची पातळी बोलून पाठवायचे. आता ते दोन ओळी टाइप करतात आणि मोजपट्टीचा फोटो टाकतात. याला एक पैसा लागला नाही.

आण्णांना गावातून चालायला कुणाचा हात लागत नाही. त्यांची अडचण निवाऱ्यात असते. अनोळखी हॉल, त्यात दोनशे माणसं, रात्री संडासाला जाताना कुणाच्या तरी अंगावर पाय पडायची भीती. “मी दोन दिवस जेवलोच नव्हतो,” ते म्हणाले, “जेवलं की उठायला लागतंय.” हे ऐकून पोलीस पाटलांनी मान खाली घातली. मे महिन्यात ते आण्णांना माळावरच्या शाळेत घेऊन गेले. आण्णांनी वर्गखोलीच्या दारापासून संडासापर्यंत पावलं मोजली, भिंतीला हात लावून दोनदा फेरी मारली, आणि झोपायची जागा स्वतः ठरवली: दाराच्या डाव्या हाताला, भिंतीलगत.

एका घरात आई दार उघडायलाच तयार नव्हती. तिची मुलगी मानसिक आजारी आहे, वय पंचविशीचं, गोळ्या चालू आहेत. “तिचं नाव चावडीवर वाचलं तर तिच्या बहिणीचं लगीन कसं व्हायचं?” हा प्रश्न खरा होता. त्यावर आम्ही गटात बराच वेळ बोललो. बाई एकटी राहते, तिला दिसत नाही, तिचं मागचं दार कुठलं, हे सगळं लिहिलेला कागद गावभर फिरला तर त्याचा धोका पुरापेक्षा कमी नाही. शेवटी ठरलं ते असं. ग्रामसभेत आणि तहसीलला फक्त घरांची संख्या आणि लागणाऱ्या साधनांची यादी जाईल. नावानिशी तक्ते दोनच ठिकाणी, पोलीस पाटलांकडं आणि आशाताईंकडं, बंद पाकिटात. प्रत्येक तक्त्यावर त्या माणसाची सही किंवा अंगठा, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक. त्या आईनं मग स्वतःहून आशाताईंना बोलावून तक्ता भरला. मदतनीस म्हणून तिनं दोन्ही बायकांचीच नावं दिली. ज्या गावांत हे काम सुरू होईल त्यांनी पाकिटाचा हा मुद्दा पहिल्याच बैठकीत पक्का करावा, असं मी कळकळीनं सांगेन.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि काम थंडावलं. ग्रामसेवक निवडणुकीच्या कामात, तहसीलमध्ये कुणी जागेवर नाही. आमची प्रत तिथं कुठं गेली ते कुणाला सांगता येईना. दोनदा ‘पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकून परत आले. गावापासून रिक्षानं जाऊन यायला दोन-तीनशे रुपये पडतात. पायऱ्या चढून माडीवर जायचं, टेबलापाशी उभं राहायचं आणि परत यायचं, यात माझा सगळा दिवस जायचा आणि संध्याकाळी मांडी इतकी दुखायची की मशीनवर बसवत नसे. त्या दिवसांत हे सोडून द्यावं असं वाटलं होतं. शेवटी पोचेवरचा आवक क्रमांक दाखवल्यावर एका लिपिक ताईंनी रजिस्टर काढून अर्ज शोधून दिला.

पण त्याच निवडणुकीनं एक मदत केली. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि 85 वर्षांवरच्यांना घरून मतदानाची सोय होती. त्याचे फॉर्म घेऊन केंद्रस्तरीय अधिकारी घरोघर फिरले. आमच्याकडं हे काम अंगणवाडी ताईंकडं होतं. त्यांनी निवडणुकीची यादी कुणाला दिली नाही, देऊही नये. पण 7 मेचं मतदान झाल्यावर त्या आमच्याबरोबर फिरायला आल्या, आणि जी घरं आम्हाला माहीतच नव्हती तिथं त्यांच्या ओळखीनं दार उघडलं. ग्रामपंचायतीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट तक्ते भरले गेले. त्यात अंथरुणाला खिळलेले म्हातारे आणि डायलिसिसला जाणारे दोघंही धरले आहेत. त्यांच्याकडं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी पुरात अडचण तीच. ज्यांचं दिव्यांगांसाठीचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) व्हायचं होतं त्यांचे ऑनलाइन अर्ज तेव्हाच भरून टाकले.

पैशांवरून वाद झाला. स्ट्रेचर आणि लाइफ जॅकेट पाच टक्के निधीतून घ्यावीत असं ग्रामपंचायतीत कुणी तरी सुचवलं. काका एकदम तापले. “वर्साला आमच्या हातात येतंय किती, आणि त्यातनं तुम्ही स्ट्रेचर घेणार? पूर काय आम्हालाच येतोय व्हय?” मला ते शंभर टक्के पटलं. तो निधी माणसाच्या रोजच्या जगण्यासाठी आहे. गाव वाचवायचा खर्च गावानं करायचा. तरुण मंडळानं गणपतीच्या वर्गणीतल्या शिलकेतून सहा लाइफ जॅकेटं घेतली, प्रत्येकी हजाराच्या आत-बाहेर पडलं. घडीचं स्ट्रेचर पाच हजारांच्या आत आलं, ते सोसायटीनं दिलं. शौचाची खुर्ची दोन हजारांच्या आसपास, ती सरपंच वहिनींनी स्वतः आणली. तक्ते, झेरॉक्स, लॅमिनेशन यांचे चार-पाचशे रुपये माझ्याकडून गेले.

शाळेची पाहणी मी टेप घेऊन केली. शिवणकामाचा टेप, तोच हातात होता. काकांची खुर्ची बाहेरून बाहेर 26 इंच. संडासाचं दार 24 इंच. वर्गाच्या ओट्याला तीन पायऱ्या मिळून दीड फूट उंची. रॅम्पला एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. शाळेत आधीचा रॅम्प होता, पण तो जेमतेम सहा फुटांचा. त्यावरून खुर्ची मागं कलंडते, ढकलणारा माणूसही घसरतो. असे रॅम्प बऱ्याच ठिकाणी आहेत, तेव्हा ‘रॅम्प आहे’ या उत्तरावर थांबू नका, मोजून बघा. नवीन रॅम्पचं काम पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घ्यायचं ठरलं. संडासाचं दार मात्र गावातल्या सुतारानं जूनमध्येच चौकटीसकट मोठं करून दिलं.

आचारसंहिता उठल्यावर जूनच्या शेवटी, एका रविवारी सकाळी, रंगीत तालीम घेतली. तहसीलमधून एक मंडळ अधिकारी आणि बोटीचं प्रशिक्षण घेतलेले दोन आपदा मित्र आले होते. पहिल्यांदा मीच झोपले स्ट्रेचरवर. मग मला काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न झाला. कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक लागलेलं होतं, पाय काठीसारखा सरळ, तो दाराच्या चौकटीला आपटला. कुणाचाच दोष नव्हता, कारण लॉक कुठं असतं हे त्या पोरांना ठाऊक असणार कसं? मी लॉक उघडून दाखवलं, पुन्हा लावलं, दोघांकडून करून घेतलं. बोटीत बसायच्या आधी कॅलिपर पूर्ण काढायचा आणि दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचा, हेही तेव्हाच ठरलं, कारण बोट कलंडली तर लाइफ जॅकेट घातलेलं असूनही ते लोखंड पायाला ओढतं. आण्णांनी सगळ्यांना एकच सांगितलं: माझा हात धरून ओढू नका, तुमचं कोपर माझ्या हातात द्या, आणि पुढं पाणी घोट्याइतकं की गुडघ्याइतकं ते तोंडानं बोला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची चढवताना चार माणसं लागली आणि तरी फळी हलत होती. छोटा हत्ती टेम्पोला तीच फळी लावली तर दोघांत काम झालं. पण टेम्पो पाण्यातून जात नाही. यातून तालमीतला सगळ्यात मोठा निर्णय झाला. तक्त्यातल्या घरांनी धोका पातळीची वाट बघायचीच नाही. बंधाऱ्यावर 37 फूट झालं आणि पाणी चढतीला असलं की निघायचं. तेव्हा रस्ता कोरडा असतो, टेम्पो दारापर्यंत येतो, खुर्ची बरोबर जाते. आमच्यासाठी बोट लागणं म्हणजे उशीर झालेला असणं.

काही जण आधी हलायला नको म्हणाले. एक मावशी म्हणाल्या, “पाणी आलंच न्हाई तर लोक हसतील.” त्यावर पोलीस पाटलांनी शब्द दिला की पाणी आलं नाही तर परतीचा टेम्पोही तेच आणतील. या एका वाक्यानं बरंच काम केलं.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागून राहिला. 37 फुटांचा फोटो गटावर आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पोलीस पाटलांनी पाकीट फोडलं. संध्याकाळपर्यंत टेम्पोच्या फेऱ्या झाल्या. दोन घरांनी जागच्या जागी राहायचं ठरवलं, त्यांच्या तक्त्यावर तशी नोंद करून मदतनिसांना कळवलं. बाकीचे सगळे माळावर पोचले. काका खुर्चीसह, आण्णा त्यांच्या भिंतीलगतच्या जागेवर. त्या मुलीला शाळेच्या हॉलमधला गलका सोसत नाही असं तक्त्यात लिहिलं होतं, म्हणून तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी मुख्याध्यापकांची खोली उघडून दिली. पुढच्या काही दिवसांत पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, खालच्या गल्लीत पाणी शिरलं. मागं राहिलेल्या दोन घरांपैकी एकाला बोटीनं काढावं लागलं. ती बोट सरळ त्यांच्या दाराशी गेली, कारण घर कुठलं आणि उचलायचं कसं ते लिहिलेलं होतं.

सगळं जमलं असं नाही. एका काकींच्या फिटच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी संपल्या आणि आशाताईंना आरोग्य केंद्रात फोनावर फोन करावे लागले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर घरात निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या हव्यात असं तक्त्यात घातलं आहे. ज्यांना डायलिसिस आहे त्यांनी रस्ता बंद व्हायच्या आधीच कोल्हापुरात नातेवाइकांकडं जावं, असंही ठरलं. कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर मार्करनं मदतनिसाचा नंबर. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर प्रत्येक घराच्या दाराआड खडूनं लिहिला, कारण मोबाईल बंद पडला तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतो.

2025 च्या मे महिन्यात तक्ते पुन्हा घरोघर फिरवले. काही माणसं गेली, काही नवी आली, एका घरानं मदतनीस बदलला. वर्षातून एकदा हे करावंच लागतं, आणि त्याला एक रविवार पुरत नाही, दोन धरून चला. रॅम्पचं अंदाजपत्रक झालं आहे, काम सुरू व्हायचं आहे. ग्रामसभा मात्र आता दरवेळी खालच्या अंगणात भरते. शेजारच्या दोन गावांनी कोरा तक्ता मागून नेला. तुम्हाला हवा असेल तर आमच्या गावच्याच तक्त्याची नक्कल करू नका. तुमच्या गावातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या, न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसांसमोर कोरा कागद ठेवा आणि प्रश्न त्यांनाच सांगू द्या. आमच्या तक्त्यातला ‘कुणी उचललेलं चालेल?’ हा प्रश्न आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. तो तिसऱ्या घरातल्या एका आजींनी घालायला लावला.